‘राइट’ या शब्दाचे अर्थ: हक्क, अधिकार, मुभा आणि अभय



आज मी एकाच इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द आहे ‘राइट’. शाळेतल्या मुलालाही तो माहीत असतो. उजवा हात राइट, बरोबर उत्तर राइट, काटकोन म्हणजे राइट अँगल, राजकारणातले उजवे तेही राइट, आणि मतदानाचा हक्क तोही राइट. कोशात याची नोंद काही रकाने भरून जाते. आता हे सगळे अर्थ एका शब्दात योगायोगाने जमले, की त्यामागे काही विचार आहे? आणि आपण मराठीत हा शब्द आणताना त्यातलं काय घेतलं, काय सांडलं? शब्दांचा कीस काढणं एवढाच यामागचा हेतू नाही. यात माणसाच्या पाण्याचा प्रश्न आहे, हे पुढे दिसेल.

आधी व्युत्पत्ती थोडक्यात पाहू. ‘राइट’चा मूळ अर्थ ‘सरळ’. लॅटिनमधला ‘रेक्टस’ आणि आपल्या संस्कृतातला ‘ऋजु’ हे त्याचे भाऊबंद. प्राकृतात ऋजूचं ‘उज्जु’ झालं, जुन्या मराठीत ‘उजू’ म्हणजे सरळ, आणि आपला ‘उजवा’ही याच कुळातला मानला जातो. म्हणजे सरळ ते योग्य, आणि ज्या हाताने योग्य कामं करायची तो उजवा. इथपर्यंत दोन्ही भाषा बरोबर चालल्या. पुढे युरोपात एक गोष्ट घडली. ‘जे योग्य आहे ते’ या अर्थाच्या शब्दाला ‘जे माझं देणं लागतं ते’ असा अर्थ चिकटला. जर्मन ‘रेश्ट’ आणि फ्रेंच ‘द्रुआ’ या शब्दांत तर कायदा आणि हक्क दोन्ही एकत्र नांदतात.

इथे पहिली गोची होते. एखादी गोष्ट करणं ‘राइट’ असणं आणि ती करण्याचा ‘राइट’ असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी 1977 साली हक्कांवरच्या आपल्या पुस्तकात हा भेद ठळकपणे मांडला. जेरेमी वॉल्ड्रन यांनी 1981 साली तर चुकीचं वागण्याच्या हक्कावर एक निबंधच लिहिला. इंग्रजीत हे शीर्षक वाचताना माणूस दचकतो, कारण एकच शब्द अंगावर दोन टोप्या घालून येतो. मराठीत ‘चूक करण्याचा हक्क’ म्हटलं तर कोणी दचकत नाही. माझ्या पैशाची मी उधळपट्टी करावी हे योग्य नाही, पण तो माझा हक्क आहे, हे आपली आजीसुद्धा सांगेल.

पण म्हणून मराठी जिंकली असं समजू नका. ‘हक्क’ हा अरबी शब्द. तिथे त्याचा अर्थ सत्य, न्याय्य आणि देणं, असा तिहेरी आहे. म्हणजे ‘राइट’सारखाच. आपण त्यातलं देणं तेवढं उचललं. न्याय्यपणाचा अंश ‘नाहक’ या शब्दात मागे राहिला. ‘नाहक मार खाल्ला’ म्हणतो तेव्हा हक्क बुडाला असं नाही म्हणत आपण, अन्याय झाला असं म्हणतो. आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांत हक्क म्हणजे काय? वतनदाराची नेमलेली प्राप्ती. देशमुखाचे हक्क, पाटलाचे हक्क, त्याला जोडून मानपान. म्हणजे हक्क जन्माने मिळायचा, आणि एकाचा दुसऱ्यासारखा नसायचा. दुसरा शब्द ‘अधिकार’. तो मीमांसकांचा. कर्म करण्याची पात्रता कोणाला, हा तिथला प्रश्न. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात शूद्रांना वेदविद्येचा अधिकार नाही हे सांगणारं एक अधिकरणच आहे. थोडक्यात, ‘सर्वांना समान’ ही कल्पना मांडायला आपल्याजवळ जे दोन शब्द होते, ते दोन्ही विषमतेच्या घरात वाढलेले होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वेस्ली हॉफेल्ड नावाचे एक अमेरिकन कायदेपंडित होते. जेमतेम 39 वर्षांचं आयुष्य. 1913 साली त्यांनी येल विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं: न्यायाधीश ‘राइट’ हा शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि त्यातून चुकीचे निष्कर्ष निघतात. पहिली गोष्ट: समोरच्याचं माझ्याप्रती कर्तव्य आहे. दुसरी: मला अमुक न करण्याचं बंधन नाही, एवढंच. तिसरी: मी दुसऱ्याची कायदेशीर स्थिती बदलू शकतो. चौथी: दुसरा माझी स्थिती बदलू शकत नाही.

त्यांचं उदाहरण कोळंबीच्या सॅलडचं आहे. सॅलडचे मालक एकाला म्हणतात, जमलं तर खा, आमची परवानगी आहे. पण आम्ही आडवे येणार नाही असं काही कबूल करत नाही. त्या माणसाला खाण्याची मोकळीक मिळाली. पण मालकांनी ताट ओढून घेतलं तर तक्रार करायला जागा नाही. वाचताना हे जरा पोरकट वाटतं. पण सॅलडच्या जागी पाणी ठेवा.

1923 साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं. इंग्रजीत लिहाल तर लिहाल, अस्पृश्यांना पाण्याचा ‘राइट’ मिळाला. पण 3 वर्षं कोणी पाणी भरू शकलं नाही. का? कारण मिळाली होती ती दुसऱ्या प्रकारची गोष्ट, नुसती मुभा. जमलं तर प्या. पाणी भरू देण्याचं कर्तव्य कोणावरच घातलेलं नव्हतं. मारहाण हा तेव्हाही गुन्हा होताच, पण तो कायदा शरीराचं रक्षण करायचा, ओंजळीचं नव्हे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला 1924चा ठराव रद्द केला. हा हॉफेल्डचा तिसरा आणि चौथा प्रकार. ठराव फिरवण्याची सत्ता नगरपालिकेकडे होती, आणि तो फिरवला जाऊ नये असं अभय लोकांकडे नव्हतं.

प्रकरण कोर्टात गेलं. स्पृश्यांचा दावा होता की अस्पृश्यांना दूर ठेवण्याची आपली पूर्वापार वहिवाट आहे. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. विजय मोठाच. पण हॉफेल्डच्या तराजूत तोला. न्यायालयाने सांगितलं ते एवढंच, की यांना अडवण्याचा तुम्हाला हक्क नाही. म्हणजे मुभा पक्की झाली. भरू देण्याचं कर्तव्य आणि ते मागे न घेण्याची हमी यायला राज्यघटना यावी लागली. अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावाने उल्लेख आहे. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवलं. आणि अनुच्छेद 13 मुळे याला छेद देणारा कायदा तेवढ्यापुरता शून्य ठरतो. ज्यांनी महाड पाहिलं होतं त्यांनी मसुद्यात तलाव हा शब्द असू दिला, यात मला नवल वाटत नाही.

इथपर्यंत मी हॉफेल्डची बाजू घेतली. आता त्यांची मर्यादा. त्यांचं कोष्टक काय आहे ते सांगतं, काय असावं ते सांगत नाही. 1924 साली महाडच्या माणसाला त्यांनी बिनचूक सांगितलं असतं, बाबा, तुझ्याकडे मुभा आहे, हक्क नाही. पण ‘हक्क असायलाच हवा’ हे म्हणायला त्या कोष्टकात घर नाही. ते म्हणायला ‘राइट’चा तो जुना, सरळ-योग्य असा अर्थच लागतो. बेंथमला नैसर्गिक हक्क ही कल्पनाच निरर्थक वाटत होती. कायद्याच्या आधी हक्क कुठून येणार, असं त्याचं म्हणणं. पण महाडला जे तळ्यावर गेले त्यांच्या बाजूने कायदा अर्धाच होता, आणि उरलेला अर्धा न्याय्यपणाच्या बळावर भरून काढायचा होता. शब्दाचे अर्थ नुसते वेगळे करून ठेवले आणि त्यांच्यातला रस्ता बंद केला, तर विश्लेषण नीट होतं आणि चळवळ मरते. उलट अर्थ कालवून टाकले, तर चळवळ जोरात होते आणि पदरात मुभा पडते.

मग मराठीत आपण काय करतो? आपल्या घटनेच्या मराठी आवृत्तीत ‘मूलभूत हक्क’ आहेत. 2005चा कायदा ‘माहितीचा अधिकार’, 2009चा ‘शिक्षणाचा हक्क’. मूळ शब्द एकच, आपले दोन, आणि भेदामागे विचार दिसत नाही. गंमत बघा, नागरिक अधिकार मागायला जातो तो अधिकाऱ्याकडे! खरं तर बोली मराठीत चारही गोष्टींना शब्द आहेत. समोरच्यावर कर्तव्य असेल तर हक्क. नुसती मोकळीक असेल तर मुभा. दुसऱ्याची स्थिती बदलता येत असेल तर अधिकार. आणि ती बदलता येत नसेल तर अभय. हे शब्द परिभाषा कोशातले नाहीत, बाजारातले आहेत. ते नेमके वापरायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

याचा उपयोग रोजचा आहे. अनुच्छेद 41 मध्येही कामाच्या ‘राइट’चा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, राज्याच्या ऐपतीच्या मर्यादेत, आणि न्यायालयात न बजावता येणारा. महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. वि. स. पागे यांच्या त्या कल्पनेत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूद होती. भत्त्याची रक्कम किती, हा वेगळा वाद. पण कर्तव्य कोणाचं आणि चुकलं तर काय, याचं उत्तर त्यात होतं. म्हणून त्याला हक्क म्हणता येतं.

तेव्हा यापुढे कोणी तुम्हाला नवा हक्क जाहीर केला, तर टाळ्या जरूर वाजवा, पण आधी विचारा: कर्तव्य कोणावर आहे? ते चुकलं तर दाद कुठे मागायची? आणि हे उद्या परत घेता येतं का? उत्तर मिळालं नाही, तर ती मुभा आहे असं समजा, आणि उरलेल्यासाठी भांडायची तयारी ठेवा.

 आता प्रश्न विचारा.