एअर चीफ मार्शल लाल यांचे आत्मकथन

पालम म्हटले की दिल्लीकरास विमानतळ आठवतो. आम्हां मराठवाड्यातील मंडळींस परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आठवते. या आमच्या पालमास मुक्काम असता एअर चीफ मार्शल प्रताप चंद्र लाल यांचा ‘माय इयर्स विथ द आय. ए. एफ.’ हा इंग्रजी ग्रंथ आम्ही पुन्हा वाचला. ग्रंथकर्ते 1982 साली निवर्तले. त्यांच्या पत्नी इला लाल यांनी संपादिलेला हा ग्रंथ 1986 साली प्रसिद्ध झाला.

लाल यांच्या आयुष्यात रणभूमी व कचेरी यांच्या येरझाऱ्या फार. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सातव्या स्क्वाड्रनमधून त्यांनी ‘व्हेंजन्स’ विमाने चालविली व 1945 साली डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळविला. पुढे इंडियन एअरलाइन्सचे जनरल मॅनेजर, 1966 पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मॅनेजिंग डायरेक्टर, 1971 च्या युद्धात वायुदलप्रमुख, आणि निवृत्तीनंतर पुन्हा इंडियन एअरलाइन्सच्या अध्यक्षपदी!

व्हेंजन्स हे विमान लक्ष्यावर जवळजवळ उभा सूर मारी. आत माणसे दोनच; चूक झाली तर तिची किंमत त्या दोघांस तत्क्षणी मोजावी लागे. कचेरीतील चुकीचे तसे नाही. नाशिकनजीक ओझर येथे मिग विमानांचा जो कारखाना उभा राहिला, तसल्या ठिकाणी चुकलेला निर्णय वर्षांनी उघडकीस येतो, आणि त्याचे फळ निर्णय करणाऱ्याच्या पदरी न पडता बहुधा भलत्याच्याच पदरी पडते. सूर मारणारा वैमानिक या संथ जबाबदारीशी कसा जुळला, हे जाणण्याची आम्हांस फार उत्कंठा होती.

ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे स्पष्टोक्ती. 1965 च्या युद्धाच्या वेळी लाल वायुदलाचे उपप्रमुख होते. भूदल व वायुदल यांनी एकत्र बसून योजना आखली नव्हती, ही गोष्ट ते आडपडदा न ठेवता सांगतात. 1971 साली या दोन दलांचा जो मेळ बसला, त्याचे मूळ या कबुलीतच आहे असे आम्ही समजतो. अधिकारी आत्मचरित्र लिहू लागला की त्याच्या अमदानीत सारे सुरळीतच चाललेले असते. लाल यांस त्या पंक्तीस बसविता येत नाही.

तथापि, नावाप्रमाणेच ग्रंथाचा जीव वायुदलात गुंतलेला आहे. कारभाऱ्याच्या आयुष्याला त्या मानाने तोकडी जागा मिळते, आणि आमची तक्रार येथेच आहे. 1973 च्या अखेरीस लाल यांच्या अमदानीत इंडियन एअरलाइन्समध्ये टाळेबंदी झाली. समोर होते ते हुकूम झेलणारे सैनिक नव्हेत, संघटना बांधून बसलेले नोकर होते. तेथे सेनापतीची सवय कामास आली की आड आली? 1965 चा हिशेब ज्या लेखणीने चुकता केला, तिनेच याही प्रश्नाचा सविस्तर झाडा द्यावयास हवा होता.

आमच्या नात्यातील एक पदवीधर तरुण कारखान्यात अधिकारी म्हणून रुजू होण्यास निघाला आहे. त्यास आम्ही हीच प्रत दिली, आणि 1965 चा भाग आधी वाच म्हणून सांगितले.