'पेक्षा' आणि 'अपेक्षा'

आपल्या सीमाभागातील मराठीविषयी लिहिताना बहुधा उसन्या शब्दांची यादी दिली जाते. बुऱ्हाणपुरात कोणता हिंदी शब्द आला, कोणता उर्दू शब्द रुळला, एवढ्यावर चर्चा संपते. मला वाटते, भाषेचा कस नामांपेक्षा लहानशा शब्दयोगी अव्ययांत अधिक लागतो. 'पेक्षा' हे त्यांतलेच एक. मराठीत तुलनेचे बरेचसे ओझे ते वाहते, आणि आपल्या द्विभाषिक घरांत घोटाळाही त्याच्याच भोवती होतो.

'पेक्षा' म्हणजे संस्कृत 'अपेक्षा', आरंभीचा 'अ' गळालेली. मूळ धातू 'ईक्ष्', म्हणजे पाहणे. 'परीक्षा', 'उपेक्षा', 'निरीक्षण' ही त्याच कुळातली भावंडे. एकाकडे नजर ठेवून दुसऱ्याला पाहणे ही झाली तुलना. पुढे काय मिळेल याकडे नजर लावून बसणे ही झाली आशा. मराठीने या दोन अर्थांची वाटणी केली. आशेच्या वाट्याला 'अपेक्षा' आली, तुलनेच्या वाट्याला 'पेक्षा'. हिंदीत मात्र घर एकत्रच राहिले. तेथे 'की अपेक्षा' म्हणजे आपले 'पेक्षा', आणि नुसती 'अपेक्षा' म्हणजे उमेद.

घोटाळा येथे सुरू होतो. केळीच्या भावाची बातमी घ्या. आपल्याकडे ती आवर्जून वाचली जाते. 'पिछले वर्ष की अपेक्षा भाव कम रहा' असे हिंदी वाक्य आले, की मराठीत उतरवणारा सहज लिहून जातो, 'गेल्या वर्षाच्या अपेक्षेपेक्षा भाव कमी राहिला.' वाक्य व्याकरणात बसते, म्हणून चूक डोळ्यांना खुपत नाही. पण अर्थ पालटला. मूळ वाक्यात तुलना गेल्या वर्षाच्या भावाशी होती, ती हिशेबाच्या वहीत तपासता येते. मराठी वाक्यात ती गेल्या वर्षी बाळगलेल्या आशेशी झाली. ती कुठे तपासणार? 'गेल्या वर्षापेक्षा' एवढे पुरे होते. 'अपेक्षाकृत' या हिंदी शब्दाचेही तेच. त्याचा अर्थ 'तुलनेने'. आपली मुले तो 'अपेक्षेप्रमाणे' असा लावतात.

याउलट ज्या चुकीवर वडीलधारी माणसे चिडतात, ती मला सौम्य वाटते. 'दादा माझ्यासे मोठा आहे' असे मूल म्हणाले, की त्याला लगेच टोकतात. वास्तविक हिंदीचा 'से' आणि मराठीचा 'हून' येथे एकच काम करतात. 'बुऱ्हाणपूरहून रावेरला गेलो' यात निघण्याची जागा दाखवणारा 'हून' 'माझ्याहून मोठा' यात तुलना कोठून सुरू झाली ते दाखवतो. मुलाला वाक्याची घडण कळली आहे. प्रत्यय तेवढा शेजारच्या घरचा आणला आहे. आपण 'माझ्याहून', 'माझ्यापेक्षा' असे म्हणून दाखवावे, एवढेच.

लक्ष द्यायचे ते दुसरीकडे. हिंदीच्या सवयीने 'भाऊ पेक्षा' असे तोडून लिहिले जाते. मराठीत सामान्यरूप करून जोडून लिहावे, 'भावापेक्षा'. (जुन्या छापील पुस्तकांत 'पेक्षां' असा अनुस्वार दिसेल. १९६२च्या लेखननियमांनी तो गेला. ती चूक समजू नये.) शिवाय 'त्याच्यापेक्षा मोठा' म्हटल्यावर 'जास्त मोठा' म्हणण्याची गरज उरत नाही, तुलना 'पेक्षा'नेच झालेली असते. आणि 'रोज चकरा मारण्यापेक्षा एकदाच भेट', 'त्यापेक्षा उद्या ये' हे प्रयोग पाहा. यांत लहानमोठे काही नाही, निवड आहे, थोडा सल्लाही आहे. आपल्या मुलांच्या बोलण्यातून हा प्रयोग लवकर गळतो असे मला दिसते, कारण तो पाठ करून येत नाही. स्वयंपाकघरात, ओट्यावर ऐकून येतो.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपला निमाड जुन्या मध्य प्रदेशात होता. राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. पुनर्रचनेनंतर मराठीचा तो आधार गेला, मुख्य आधार उरला तो घरचा. म्हणून अशा बारीक प्रयोगांची राखण घरालाच करावी लागते.

शेवटी व्याकरणाचाच एक मुद्दा. 'पेक्षा' ज्या शब्दाला लागते, तो शब्द मोजपट्टी होतो. 'पुण्याच्या मराठीपेक्षा आमची मराठी कच्ची' असे आपण लग्नकार्यात हसत हसत म्हणतो, तेव्हा पट्टी पुण्याची असते आणि मोजून घेणारे आपण. ही पट्टी कोणी आपल्यावर लादलेली नाही. वाक्य आपणच तसे रचतो. त्यापेक्षा आजीच्या मराठीपेक्षा नातवाची मराठी कोठे उणी पडली, हे विचारावे. आजी घरात आहे, नातू घरात आहे. आणि उणे निघालेच, तर भरून काढणेही आपल्या हातचे आहे.