नियम कोणाचा? बनवणाऱ्याचा, पुस्तकाचा की खेळणाऱ्यांचा?

कामठीत ‘ड्रॅगन’ म्हटलं की आपल्याला ड्रॅगन पॅलेस आठवतो. माझ्या नातवाला दुसराच ड्रॅगन आठवतो. गेल्या उन्हाळ्यात तो आणि त्याचे चार मित्र-मैत्रिणी आमच्या घरी रोज दुपारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत बसायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणलेला हा खेळ. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. एकानं गोष्ट पुढे न्यायची, त्याला ‘डीएम’ म्हणतात. बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं ते सांगायचं, आणि निकाल अडला की फासा टाकायचा. आमच्याकडे डीएम अर्थातच ज्याचं घर त्याचा नातू.

एका दुपारी मोठं भांडण झालं. एका मुलीचं पात्र चोराचं होतं. ती अदृश्य झाली आणि एका जादूगारावर चालून गेली. त्यांच्याकडे २०१४ चं पुस्तक होतं. त्यात अदृश्य पात्राबद्दल दोन कलमं आहेत. पहिलं, जादूशिवाय किंवा खास शक्तीशिवाय ते कोणाला दिसत नाही. दुसरं, त्यानं हल्ला केला तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. आता गंमत अशी की त्या जादूगाराकडे अदृश्य पाहण्याचा मंत्र होता, आणि हे डीएमनं आधीच सांगितलेलं होतं. मुलगी म्हणाली, “पाहू दे मला. दुसरं कलम वेगळं आहे, ते लागूच आहे.” तिनं दोनदा फासा टाकला, दुसऱ्यांदा मोठा आकडा आला आणि जादूगार आडवा झाला. मग नातू म्हणतो, “तू तर त्याला दिसत होतीस! पहिलाच आकडा धरायचा.”

एकानं मोबाइल काढला. नियमांचे तेव्हाचे मुख्य रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी मुलीसारखाच अर्थ जाहीरपणे सांगितलेला आहे, की दुसरं कलम पहिल्यावर अवलंबून नाही. नातू चिडला. “बनवणारा असेल त्याच्या घरी. इथे डीएमचं चालतं!” आणि खटला माझ्यासमोर आला. “आजोबा, तुम्ही फिलॉसॉफीचे ना? सांगा.”

आता माझी पंचाईत बघा. मी तीस वर्षं वर्गात नातवाचीच बाजू शिकवली. विमसॅट आणि बियर्डस्ली यांचा १९४६ चा निबंध आहे. कवीला काय म्हणायचं होतं, यावरून कवितेचं मोल ठरवता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे १९६७ मध्ये रोलाँ बार्थनं लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. मी हे मोठ्या रंगात येऊन शिकवायचो. एकदा एका विद्यार्थ्यानं लेखकाच्या प्रस्तावनेचा आधार घेऊन माझ्याहून वेगळा अर्थ मांडला. मी त्याचे गुण कापले. का? तर हेतूचा आधार घेतला म्हणून. आज वाटतं, माझ्या वर्गात लेखक मेला होता खरा, पण परीक्षक चांगला जिवंत होता. लेखकाची रिकामी झालेली खुर्ची मी वाचकाला दिलीच नव्हती. मीच तिच्यावर जाऊन बसलो होतो.

नातवाचंही तेच झालं होतं. ‘बनवणाऱ्याचा हेतू महत्त्वाचा नाही’ हे वाक्य ऐकायला फार मोकळं वाटतं. पण टेबलावर कोणाचं तरी चालतंच. बनवणाऱ्याचं नाही चाललं, तर ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचं घर, त्याचं चालतं.

मग काय क्रॉफर्डसाहेबांना प्रमाण मानायचं? तेही जमत नाही. त्यांची समाजमाध्यमांवरची उत्तरं अधिकृत निर्णय मानू नयेत, हे खुद्द प्रकाशकाकडूनच पुढे स्पष्ट झालं. आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात नियमच फिरला. ज्याला तुम्ही दिसता, त्याच्याविरुद्ध तो लाभ आता मिळत नाही. म्हणजे नातवाचं म्हणणंच छापून आलं! हेतू म्हणायचं तर कोणत्या सालचा धरायचा?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. नियमाचा अर्थ काय, हा एक प्रश्न. नियम कशासाठी, हा दुसरा. आपल्याकडची दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं मोक्षपटाचं. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. पुण्याचे वा. ल. मंजूळ यांनी या पटांचा जुन्या हस्तलिखितांत शोध घेतला. कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ साली पश्चिम भारतातल्या अशा पटांवर प्रबंध लिहिला. या पटावर शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटचं घर म्हणजे मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला. तिथे सुरुवातीला घरांवर त्यांच्या पद्धतीची नीतीची शिकवण होती, हळूहळू तीही पुसली गेली आणि आकडे उरले. आज मुलं खेळतात ती सापशिडी. दान टाका, शिडीवर चढा, सापाच्या तोंडी आलात तर खाली या. नियम जवळजवळ तेच राहिले आणि हेतू पार गेला. कोणी मोडला नाही, कोणी नाकारलाही नाही. विचारणारंच कोणी उरलं नाही.

दुसरं उदाहरण खेळाचं नाही, पण माणसांनी आपसात पाळायच्या नियमाचंच आहे, आणि ते आपल्या गावचं आहे. बाबू हरदास एल. एन., १९०४ ते १९३९. ‘जय भीम’ हे अभिवादन त्यांनी रुजवलं. जोहार-रामराम सोडा, हे म्हणा, असं त्यांनी कार्यकर्त्यांना सांगितलं. त्यांच्याबद्दल असंही सांगतात की ‘जय भीम’ला उत्तर ‘बल भीम’ असावं, अशी त्यांची योजना होती. ‘सलाम आलेकुम’ला जसं ‘वालेकुम सलाम’. लोकांनी काय केलं? ‘जय भीम’ला ‘जय भीम’च म्हटलं. अर्धा नियम गळाला. पण दोघांनी एकमेकांना ताठ मानेनं, बरोबरीनं भेटावं, हा हेतू गेला का? मला तर वाटतं, दोघांच्या तोंडी एकच शब्द आल्यानं तो अधिकच पुरा झाला.

म्हणजे नियम राहून हेतू जातो, आणि नियम बदलून हेतू राहतो. बनवणाऱ्याचा हेतू म्हणजे हायकोर्टाचा हुकूम नव्हे, ती साक्ष आहे. ही भिंत इथे का बांधली, याची साक्ष. भिंत पाडायचा हक्क घरात राहणाऱ्यांचा. पण तिच्यावर छप्पर टेकलंय का, हे पाडण्याआधी विचारावं.

आणि कवितेपेक्षा खेळ इथे वेगळा पडतो. मी कविता चुकीची वाचली तर नुकसान माझं. टेबलावरचा नियम हा पाच जणांनी एकमेकांना दिलेला शब्द असतो. त्या मुलीनं त्या शब्दावर विसंबून आपलं पात्र पणाला लावलं होतं. नातवाचा अर्थ वाईट नव्हता, पुढे तोच छापला गेला. पण तो त्यानं सांगितला फासा पडल्यावर, आकडा पाहून. चूक तिथे होती, आणि ती दाखवायला अमेरिकेतला कोणी लागत नव्हता.

मी निकाल दिला तो असा. आजचा डाव मुलीचा. उद्या खेळायला बसण्याआधी पाचही जणांनी बोलून नियम हवा तर बदला. बनवणारा काय म्हणतो तेही वाचा, पण फासा हातात घेण्याआधी.

नातू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच वहीत नवा नियम लिहिला आणि खाली पाचही जणांच्या सह्या घेतल्या. ती वही पाहताना मला माझा तो विद्यार्थी आठवला. त्याच्या पेपरावर मी गुण कापले, तेव्हा नियम मी त्याला आधी सांगितला होता का? नव्हता सांगितला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.