निनावी नव्हे, टोपणनाव

विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेवर पडदा लटकलेला असतो: 'प्रतीक्षा १२ मिनिटे'. तो आकडा आपण सगळेच वाचतो. तो कुठून आला हे सांगणारा मजकूर मात्र वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो, आणि तिकडे कुणी फिरकत नाही. मी वाचते. (भाषांतरं करणाऱ्यांना ही खोड लागतेच.) युरोपातल्या काही विमानतळांच्या अशा मजकुरात एक विशेषण हमखास भेटतं: 'अनॉनिमस'. तुमच्या फोनचे सिग्नल आम्ही टिपतो, पण अनॉनिमस स्वरूपात. मराठीत आणायचं तर 'निनावी'. माझं भांडण या एका शब्दाशी आहे.

वाय-फाय चालू असलेला फोन खिशात पडल्या पडल्याही आसपास कुठलं नेटवर्क आहे का, अशा हाका मारत असतो. प्रत्येक हाकेत फोनचा एक पत्ता जातो, मॅक ॲड्रेस. रांगेच्या सुरुवातीला एक सेन्सर लावायचा, तपासणीपलीकडे दुसरा. समजा, पहिल्याने एक पत्ता १० वाजून २ मिनिटांनी ऐकला आणि दुसऱ्याने तोच १० वाजून १९ मिनिटांनी. म्हणजे १७ मिनिटं. असे पुष्कळ फोन जमवून सरासरी काढली की पडद्यावरचा आकडा तयार. हुशारी आहे, नाकारत नाही. पण या पद्धतीचा सगळा डोलारा 'तोच' या शब्दावर उभा आहे. दोन्ही टोकांना फोन तोच आहे हे ओळखलं नाही, तर वेळ निघणारच नाही.

मग पत्ता लपवण्यासाठी त्याचं हॅशिंग करतात, म्हणजे गणिताच्या चरकातून काढून त्याची भलतीच अक्षरमाळ करतात. मात्र चरक बदलला नाही, तर त्याच पत्त्याची दरवेळी तीच अक्षरमाळ निघते. याला निनावी म्हणायचं? निनावी पत्र आलं की आपल्याला कळत नाही ते कुणाचं, आणि पुढच्या महिन्यात दुसरं आलं तर ते त्याच माणसाचं का, हेही कळत नाही. हॅश म्हणजे टोपणनाव. 'कुसुमाग्रज' म्हणजे वि. वा. शिरवाडकर हे ज्याला ठाऊक नाही, तोही त्या नावाच्या सगळ्या कविता एका फळीवर लावू शकतो. तसंच हे. तुमचं नाव माहीत नसलं, तरी हाच फोन अत्तराच्या दुकानापाशी २० मिनिटं रेंगाळला आणि गेल्या मंगळवारीही आला होता, एवढं फळीवर लागतं. आणि आपल्याकडे विमानतळाचं फुकट वाय-फाय मोबाइल नंबर आणि ओटीपी दिल्यावरच मिळतं. उद्या या दोन वह्या एका टेबलावर आल्या, तर टोपणनावामागचा शिरवाडकर सापडायला कितीसा वेळ लागेल?

हा माझा शब्दच्छल नाही. विमानतळाचं नव्हे, पण याच तंत्राचं एक प्रकरण फ्रान्समध्ये गाजलं. पॅरिसजवळच्या ला देफांसमध्ये जेसीदको या जाहिरात कंपनीला फलकांत यंत्रं बसवून ये-जा करणाऱ्यांचे फोन मोजायचे होते. पत्ते हॅश करू, असं ती म्हणत होती. तिथल्या माहिती-संरक्षण आयोगाने २०१५ साली परवानगी नाकारली आणि २०१७ साली सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते उचलून धरलं: माणूस पुन्हा आला तर ओळखता यावा हाच हेतू असेल, तर त्याला निनावी म्हणता येणार नाही.

दरम्यान फोनच शहाणे झाले. २०१४ पासून आयफोन आणि पुढे अँड्रॉइडही शोधाच्या हाका मारताना खोटे, बदलते पत्ते देऊ लागले. दुसरीकडे छतावर बसवायचे खोली मोजणारे सेन्सर आले. ते वरून डोकी मोजतात, आणि चित्र बाहेर न पाठवता नुसते आकडे देण्याची सोय त्यांच्यात असते. म्हणजे रांग मोजायला माझा फोन लागतोच असं नाही.

आपल्याकडे मात्र रांग झटपट सरावी म्हणून थेट चेहराच पुढे केला गेला. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत सुरू झालेली डिजियात्रा पुढे पुणे-मुंबईतही आली. माहिती तुमच्याच फोनमध्ये राहते, विमानतळाकडची प्रत उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, असं तिचं धोरण सांगतं. इथे माझी अडचण 'ऐच्छिक' या शब्दाशी आहे. ही व्यवस्था चालवणाऱ्या डिजियात्रा फाउंडेशनमध्ये विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, बाकीचा पाच विमानतळ कंपन्यांचा. चेहरा न देणाऱ्यांसाठी किती दारं ठेवायची, हे ठरवण्यातही विमानतळांचा हात असतोच. शेजारची रांग ४० मिनिटांची असेल आणि विमान सुटायला तासच उरला असेल, तर इच्छा कुणाची?

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात एक तरतूद मला फार आवडते. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळाली पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. तेव्हा ही भाषांतरं लवकरच कुणाच्या तरी टेबलावर येतील, आणि 'अनॉनिमाइज्ड'ला तिथे 'अनामीकृत' असा जडशीळ शब्द बसेल, जो वाचून कुणी काही विचारणार नाही. माझ्याकडे काम आलं, तर मी असं लिहीन: 'तुमच्या फोनला आम्ही एक टोपणनाव देतो. ते रोज रात्री १२ वाजता बदलतो आणि जुनं पुसतो. ते पुढील लोकांना दाखवतो.' आणि यादीची जागा मोकळी सोडून मसुदा विमानतळाकडे परत पाठवीन.