‘शाश्वत विकास’ : एका संज्ञेची चिकित्सा

परिभाषेतील एखादा शब्द रूढ झाला की पुष्कळदा तो विचाराचे साधन न राहता विचाराचा पर्याय होऊन बसतो. ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा अशांपैकीच एक होय. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलंड आयोगाने १९८७ साली या कल्पनेची व्याख्या केली. वर्तमान पिढीच्या गरजा भागवाव्या, परंतु पुढील पिढ्यांचे आपल्या गरजा भागविण्याचे सामर्थ्य खच्ची होऊ देऊ नये, असा तिचा आशय आहे. या गरजांत दरिद्री जनतेच्या प्राथमिक गरजांना अग्रक्रम द्यावा, हे त्याच विवेचनाचे दुसरे अंग. त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

मूळ इंग्रजी विशेषणाच्या बुडाशी ‘खालून धरून ठेवणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. धरणे म्हटले की धरणारा आलाच. हिंदीने ‘सतत’, बंगालीने ‘टेकसई’ आणि मराठीने ‘शाश्वत’ हे विशेषण पसंत केले. या तिहींतून धरणारा लुप्त झाला आहे. त्यातही ‘शाश्वत’ या शब्दास आपल्याकडे आत्मा, धर्म, सत्य यांचा सहवास घडलेला. जे शाश्वत ते कोणास राखावे लागत नाही, ते असतेच. विकास असा स्वयंभू नसतो.

हा भेद रायगड जिल्ह्यात पेणच्या खारपट्ट्यात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. खाडीलगतची भातशेती तेथे मातीच्या बांधाच्या आश्रयाने उभी आहे. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडणारी व भरतीला खारे पाणी अडविणारी ती ‘उघाडी’. बांध फुटून पडते ती ‘खांड’. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन बांध दुरुस्त करावयाचा ती ‘जोळ’. या शब्दसंग्रहात शाश्वत असे काहीच नाही. खांड आज ना उद्या पडणारच, हे त्यात गृहीत आहे. आणि ती कोणी बुजवावयाची, हेही त्यात ठरलेले आहे. १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने या जमिनीच्या नावास ‘विकास’ हा शब्द जोडला गेला आणि बांधांची जबाबदारी मुख्यतः शासकीय खात्याकडे गेली. शासनाचे साहाय्य आवश्यक होतेच. परंतु जोळीची जागा अर्जाने घेतली की खांड वाट पाहत नाही. खारे पाणी शिरते आणि भाताच्या जागी कांदळवन उगवते.

पुढे याच तालुक्यात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी भूसंपादन योजण्यात आले. तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांच्या शेतकऱ्यांचे मत शासनाने २१ सप्टेंबर २००८ रोजी मतदानाने अजमावले; बहुसंख्यांनी विरोध नोंदविला. ‘विकास’ या नामामागे षष्ठीचे पद कोणते, हा प्रश्न त्या मतदानाने विचारला.

रोह्याचे उदाहरण अधिक अवघड आहे. घाटमाथ्यावरील मुळशीचे पाणी १९२७ पासून भिरा येथील वीजकेंद्रातून उतरून कुंडलिकेस मिळते. त्या धरणासाठी मुळशी पेट्यातील गावे बुडाली; त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला व सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. पुढे कुंडलिकेकाठी धाटाव येथे रासायनिक कारखाने उभे राहिले. आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव आले. येथे वीज टिकली, उद्योग टिकले, रोजगारही मिळाला. केवळ कालावधीचा निकष लावला तर शतकभर चाललेला हा व्यवहार शाश्वतच ठरेल! त्याचा भार मात्र वर मुळशीच्या विस्थापिताने आणि खाली खाडीतील कोळ्याने वाहिला. ‘शाश्वत’ हे विशेषण ही विषमता दाखवू शकत नाही, हाच त्याचा खरा दोष होय.

संज्ञा बदलावी असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टे स्वीकारल्यापासून शासनव्यवहारात ती अधिकच दृढ झाली आहे. परंतु ती वापरताना तिचा अर्थ ‘राखणे’ या क्रियापदाने लावावा. विशेषणास कर्ता लागत नाही. सकर्मक क्रियापदास कर्ता व कर्म दोन्ही लागतात. कोणी राखावयाचे, काय राखावयाचे आणि कोणाच्या खर्चाने, हे ज्या योजनेत सांगितलेले नाही, ती शाश्वत म्हणविली तरी तिच्या बांधाला खांड पडलेलीच आहे असे समजावे.