‘सच्छिद्र’ या शब्दाला गुण किती?

एनसीईआरटीच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात हायड्रोजन-ऑक्सिजन इंधनघटाची माहिती आहे. त्याची विद्युतअग्रे सच्छिद्र कार्बनची असतात, असे तेथे म्हटले आहे. ती सच्छिद्र का, हे मात्र सांगितलेले नाही. विद्यार्थी अभिक्रिया पाठ करतात आणि विशेषण वाचून पुढे जातात. खरे तर घटाचे मर्म त्या विशेषणातच आहे.

घनरूप ऑक्साइड इंधनघट पाहा. त्यात द्रव नसतो. यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाच्या थरातून सुमारे ७०० ते १००० अंश सेल्सिअसला ऑक्साइड आयन वाहतात. इंधनाच्या बाजूला तीन वाटा एकत्र याव्या लागतात : हायड्रोजन आणणारी छिद्रे, आयन आणणारा झिर्कोनिया आणि इलेक्ट्रॉन नेणारे निकेल. निकेलचा भरीव पत्रा बसवला, तर हा संगम फक्त कडेला होईल. सच्छिद्र थरात तो आतवर ठिकठिकाणी होतो. अशा संगमाचे महत्त्व विल्यम ग्रोव्ह यांनी १८४२ मध्येच ओळखले होते.

ही छिद्रे कोणी टोचून पाडत नाही. निकेल ऑक्साइड व झिर्कोनियाच्या भुकटीत स्टार्च किंवा ग्राफाइट मिसळून थर भाजतात. मिसळलेला पदार्थ जळून जातो, जागा रिकामी राहते. मग तापलेल्या थरावर हायड्रोजन सोडला की ऑक्साइडचे निकेल होते. एक मोल निकेल ऑक्साइड ११.२ घन सेंटिमीटर जागा व्यापते, त्यातून मिळणारे निकेल फक्त ६.६. उरलेली जागा म्हणजे आणखी छिद्रे. घनता दिल्यास हे गणित विद्यार्थी स्वतः करतील.

शिंदखेड्याच्या बाजारातून माठ आणणाऱ्या मुलांना ही युक्ती परकी नाही. कुंभार मातीत लीद मिसळतो. ती भट्टीत जळते आणि माठ पाझरतो. मात्र दाखला येथेच थांबवावा. माठाला पाण्याची एकच वाट पुरते, विद्युतअग्राला तीन अखंड वाटा लागतात. छिद्रे फार झाली तर निकेलची साखळी तुटते, थरही ठिसूळ होतो. भाजणी जास्त झाली तर छिद्रे बुजतात.

पुस्तकात याविषयी चार ओळी आणि एक प्रश्न वाढवला तरी पुरे. तोवर वर्गात खापराचा तुकडा कोरडा तोलावा, रात्रभर पाण्यात ठेवून, पुसून पुन्हा तोलावा. वाढलेल्या प्रत्येक ग्रॅममागे एक घन सेंटिमीटर पोकळी! मग विचारावे, ‘‘विद्युतअग्र भरीव असते, तर काय बिघडले असते?’’