परिपथ फलकांच्या संरक्षक लेपनाचे स्वयंचलन : एक चिकित्सा

इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील परिपथ फलकांचे आर्द्रता, धूळ व क्षार यांपासून रक्षण व्हावे म्हणून त्यांवर ॲक्रिलिक, सिलिकोन किंवा पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिला जातो. कुंचला, बुडवण व हातफवारा या जुन्या पद्धतींची जागा मोठ्या कारखान्यांत संगणकनियंत्रित निवडक लेपनयंत्रांनी घेतली आहे. कनेक्टर, स्विच असे भाग वगळून नेमक्या जागी लेप सोडता येत असल्याने मास्किंगचे श्रम व द्रव्याची नासाडी कमी होते. हे लाभ निर्विवाद आहेत. मात्र ‘यंत्राने दिलेला लेप तो एकसमान लेप’ हे गृहीतक चिकित्सेच्या कसोटीस उतरत नाही.

आयपीसी-ए-६१० या मानकात ॲक्रिलिक लेपासाठी ३० ते १३० मायक्रॉन जाडी सांगितली आहे; ती फलकाच्या सपाट, मोकळ्या भागावर किंवा नमुनापट्टीवर मोजली जाते. यंत्र द्रव मोजून सोडते. त्यापुढे सत्ता पृष्ठताणाची. घटकांच्या धातूच्या पायांच्या धारदार कडांवरून द्रव ओसरतो व फटींत केशाकर्षणाने साचतो. परिणामी, उघड्या धातूला आवरणाची निकड असते तेथेच थर विरळ राहतो. अतिनील प्रकाशातील तपासणी लेपाचे अस्तित्व दाखवते, कडेवरील जाडीची हमी देत नाही. निर्वातात वाफेतून बसणारे पॅरिलीन कडांनाही जवळजवळ समान आवरण देते; पण ती प्रक्रिया संथ, खर्चिक आणि काटेकोर मास्किंगची अपेक्षा करणारी आहे.

दुसरा प्रश्न लेपापूर्वीच्या स्वच्छतेचा. बाष्प सर्वच बहुवारिक थरांतून कमीअधिक प्रमाणात झिरपते. थराखाली फ्लक्सचे आयनयुक्त अवशेष राहिले असतील, तर ते पाणी ओढून घेतात. लेपाला फोड येतात, गंज व विद्युत्-गळती सुरू होते. प्रति चौरस सेंटिमीटर १.५६ मायक्रोग्रॅम ही स्वच्छतेची मर्यादा दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. जे-एसटीडी-००१जी मानकाच्या २०१८ मधील दुरुस्तीने निर्मितिप्रक्रिया पात्र ठरविण्याचा आधार म्हणून तिचा स्वीकार थांबविला. एकाच आकड्यावर विसंबणे पुरेसे नाही, याचीच ही कबुली होय.

तात्पर्य, स्वयंचलनाने पुनरावृत्ती साधते, पण पुनरावृत्ती म्हणजे गुणवत्ता नव्हे. सदोष मांडणीही यंत्र तितक्याच निष्ठेने हजारो फलकांवर उमटवते. म्हणून यंत्राचे मूल्यमापन वेगावर न करता कडांचे छेद घेऊन केलेली जाडीची तपासणी, आर्द्र वातावरणातील रोधमापन व अवशेषांचे रासायनिक विश्लेषण यांवर व्हावे. अभियांत्रिकी अध्यापनातही यंत्रनियंत्रणाच्या जोडीला पृष्ठरसायनास स्थान मिळणे अगत्याचे आहे.